मंडळ आभारी आहे

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात दोन वाटपं होतात. मुलांना पाठ्यपुस्तकं आणि शिक्षकांना मंडळं. पुस्तक हातात पडलं की मुलगा त्याचा वास घेतो. मंडळ पदरात पडलं की शिक्षक खिडकीबाहेर बघतो.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवतो. आमच्या शाळेत विज्ञान मंडळ आहे, गणित मंडळ आहे, वाङ्मय मंडळ आहे, हरित सेना, आर.एस.पी. म्हणजे रस्ता सुरक्षा दल, स्काउट-गाइड, संचयिका, सांस्कृतिक आणि ज्यांचं नेमकं काम काय हे फक्त फायलीला माहीत आहे अशी आणखी काही. वाटपाचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण पक्के आहेत. नव्याने लागलेल्याला सांस्कृतिक. आवाज मोठा त्याला आर.एस.पी. बैठकीला गैरहजर असेल त्याला हरित सेना; त्यामुळे आमच्या हरित सेनेचे प्रमुख प्रकृतीने कायम नाजूक. अक्षर बरं असेल त्याच्या गळ्यात वाङ्मय मंडळ आणि सगळ्यांची इतिवृत्तं. माझ्या आईने लहानपणी माझ्याकडून पाटीवर गिरवून घेतलं नसतं, तर आज मी सुखात असतो.

मुलांचं गणित मात्र वेगळं. त्यांना मंडळ मनापासून हवं असतं, आणि त्याचं कारण मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. तिसऱ्या तासाला व्हरांड्यात एकटाच फिरणारा मुलगा दिसला, तर त्याला हटकायचं असतं. पण तो थांबून "मंडळाचं काम आहे सर" म्हणाला की हटकणाराच बाजूला होतो. शाळेत एवढी ताकद दुसऱ्या कुठल्याच वाक्यात नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीतही नाही. तिच्यावर तारीख असते.

म्हणून मंडळं कितीही असली, तरी सभासद तेच. दहा-बारा मुलं सगळी शाळा चालवतात. सकाळी स्काउटची टोपी, दुपारी हरित सेनेची, संध्याकाळी आर.एस.पी.ची शिट्टी. बाकीच्या मुलांची नावं यादीत असतात, आणि आपण कुठल्या मंडळात आहोत हे त्यांना तपासणीच्या आदल्या दिवशी कळवलं जातं.

जुलैचा पहिला आठवडा हरित सेनेचा. वनमहोत्सव 1950 साली कन्हैयालाल मुन्शी केंद्रात मंत्री असताना सुरू झाला, हरित सेना 2001-02मध्ये आली. आमचा खड्डा बहुधा दोघांच्याही आधीचा असावा. शिपाईमामा जूनअखेर त्यातली माती नुसती सैल करतात. पाहुणे रोप लावतात, फोटो होतो, टाळ्या होतात. मग मैदानाच्या कडेने एक शेळी येते. तिचं वेळापत्रक आमच्यापेक्षा काटेकोर आहे. एकदा मात्र आम्ही जिंकलो. गणवेश नाही म्हणून दोन पोरांना फोटोतून बाहेर काढलं होतं. त्यांनी उरलेलं कडुनिंबाचं रोप सायकल स्टँडमागे खोचून दिलं. ते आज छपराच्या वर गेलंय. शेळीलाही ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि अहवालातही ते नाही, कारण फोटो नाही.

ऑगस्ट उजाडतो तो वाङ्मय मंडळाच्या अंगावरच. 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य टिळक गेले आणि त्याच तारखेला, त्याच साली वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. वाटेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे दोघांवर भाषणं व्हायलाच हवीत, आणि वेळ एका तासाचा. आठवीतल्या एका वक्त्याने हा प्रश्न परस्पर सोडवला. दोन्ही भाषणं पाठ होती, घंटा व्हायला पाच मिनिटं होती, आणि समोर विस्तार अधिकारी घड्याळाकडे बघत होते. त्याने सुरुवात शेंगांच्या टरफलांपासून केली. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही, असं ठणकावून टिळक वर्गाबाहेर पडले इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बाहेर पडल्यावर ते थांबेचनात. वडिलांचा हात धरून ते पायी मुंबईला निघाले, गिरणीत लागले, पोवाडे रचले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. वक्ता घामाघूम झाला होता, पण थांबत नव्हता. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघायचं सोडून दिलं. शेवटी त्याला पहिला क्रमांक मिळाला. परीक्षक म्हणाले, ओघ चांगला आहे.

बोलण्यातल्या ओघाला गुण असतात, लिहिण्यातल्या ओघाला नसतात. हस्तलिखिताचं बघा. साठ पानांचं हस्तलिखित काढायचं म्हटलं की मुलं उत्साहाने कविता आणून देतात, त्यातल्या निम्म्या पेपरच्या रविवार पुरवणीतून आलेल्या असतात. नववीतली एक मुलगी मोत्यासारखं अक्षर काढते, म्हणून सगळं तिने उतरवायचं. ती उतरवता उतरवता दुरुस्त करते. "सर, ही ओळ बरोबर वाटत नव्हती, म्हणून बदलली." आधी शब्द बदलले, मग ओळी, मग शेवट. सहलीवरच्या निबंधात तिने मूळ लेखकाला पाण्यात पाडलं आणि एका मैत्रिणीकडून वाचवलं. प्रकाशनाच्या दिवशी तो लेखक स्वतःचा निबंध वाचून हादरला. सहलीला तो आलाच नव्हता. अनुक्रमणिकेत पंचवीस लेखक आहेत. लेखिका एकच, आणि तिचं नाव "सुलेखन" या सदराखाली, सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात. ते तिनेच तसं लिहिलंय. महिनाभर ती बीजगणिताच्या तासाला नव्हती.

आर.एस.पी.वाले याच सुमारास फाटकावर उभे राहू लागतात. शिट्टी हा सत्तेचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. ज्याला वर्गात कुणी विचारत नाही, तो शिट्टी मिळाल्यावर एस.टी. थांबवतो. आमच्या एका कॅडेटने तर हेडसरांनाच थांबवलं. सर दुचाकीवर, डोक्याला हेल्मेट नाही. पोराने कडक सॅल्यूट ठोकला, मग हात आडवा केला, मग हळू आवाजात विचारलं, "सर, हेल्मेट?" मागे दोन ट्रॅक्टर आणि एक वडाप जीप तुंबली. जीपमधले पालक मान बाहेर काढून बघत होते. हेडसर म्हणाले, "घरी आहे." पोरगा म्हणाला, "मग आणा सर, मी थांबतो." सर खरंच घरी जाऊन आले. तेव्हापासून हेल्मेट त्यांच्याजवळ असतं, आरशाला अडकवलेलं. फाटकापाशी ते डोक्यावर चढतं आणि फाटक ओलांडल्यावर पुन्हा आरशावर जातं. कॅडेटच्या हद्दीत गुन्हा नाही.

संचयिका म्हणजे मुलांची बचत बँक. ती आता आमच्याकडे जेमतेम वहीपुरती उरली आहे, पण एका खातेदाराने मला अर्थशास्त्र शिकवलं. तो सोमवारी पाच रुपये भरायचा, मंगळवारी काढायचा, बुधवारी तेच पुन्हा भरायचा. रोखपाल मुलगी वैतागून त्याला माझ्याकडे घेऊन आली. त्याला विचारलं तर म्हणाला, "आहेत का बघत होतो." मोठ्या बँकांच्या बातम्या वाचताना मला त्याची आठवण येते.

सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिनविशेषांचे महिने. शिक्षक दिन, हिंदी दिन, गांधी जयंती, वन्यजीव सप्ताह, 15 ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन. यांत खरं काम फलक लिहिणाऱ्यांचं आणि फोटो काढणाऱ्यांचं. आता प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो लिंकवर टाकावा लागतो. ती एक वेगळीच कला झाली आहे. तीच मुलं, तीच पायरी. टोप्या बदलल्या की हरित सेनेची स्काउट होते, टोप्या काढल्या की विज्ञान मंडळ. आमच्या शिपाईमामांना आता कुणी सांगावंही लागत नाही. ते टोप्यांची पिशवी घेऊनच पायरीखाली उभे असतात आणि म्हणतात, "पुढचं मंडळ या."

दिवाळीनंतर खरं विज्ञान सुरू होतं. तालुक्याच्या प्रदर्शनात इंजेक्शनच्या सिरिंज आणि पुठ्ठ्यापासून केलेला जेसीबी असतोच. एका रांगेत पाच-सहा असले तर ते गाव बांधायला निघाल्यासारखे दिसतात. पाण्याने भरलेली सिरिंज दाबली की दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याचा हात उचलला जातो. तत्त्व विचारलं की "पास्कलचा नियम" आणि कुठून शिकलास विचारलं की "यूट्यूब." आमच्या पोराने मात्र परीक्षकांना आधीच सांगितलं, "सर, यातलं बकेट उलटं बसवलंय. सगळ्यांचंच उलटं आहे. असं असलं तर माती खाली पडंल." त्याचे वडील जेसीबी चालवतात. मग त्याने तेल गळतं ते कुठून, रबरी नळी फुटते ती का, चढावर गाडी कशी उभी करायची, खोदाईचा तासाचा दर काय, हे सगळं सांगितलं. परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेलेच नाहीत. निकालात पोराला उत्तेजनार्थ मिळालं, आणि परीक्षकांना त्याच्या वडिलांचा मोबाइल नंबर. त्यांना शेतात बांध घालायचा होता.

गणित मंडळाचं सगळं आयुष्य 22 डिसेंबरला, रामानुजनांच्या जयंतीला, सकाळी जन्मतं आणि दुपारी संपतं. हार्डी टॅक्सीतून येतात, 1729 ही संख्या नीरस आहे म्हणतात, आणि रामानुजन पलंगावरून ती दोन प्रकारे दोन घनांची बेरीज आहे असं उत्तर देतात. ही गोष्ट सांगताना गणिताचे सर दरवर्षी हळवे होतात. मग ते मुलांना दोन्ही प्रकार विचारतात आणि पुन्हा पूर्ववत होतात. त्यांच्या मंडळाला सभासद मिळत नाहीत याचं त्यांना दुःख आहे. पण गणित मंडळाच्या कामासाठी गणिताचा तास बुडवता येत नाही, हे साधं गणित त्यांच्या लक्षात येत नाही.

फेब्रुवारीत हॉलवरून युद्ध होतं. 27ला कुसुमाग्रजांची जयंती म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, 28ला रामन यांच्या शोधाचा विज्ञान दिन. हॉल एक, माइक एक, आणि तोही फेब्रुवारीत खरखरतो. रामन यांनी 1928 साली तारीख निवडताना आमचा विचार केला नव्हता. शेवटी तह होतो: व्यासपीठावरची रांगोळी मराठीची, विज्ञानाने ती पुसायची नाही, फक्त मधल्या 'म'च्या जागी परीक्षानळी काढायची. त्या आठवड्यात कुठल्याच वर्गात पूर्ण हजेरी नसते.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा चालू असली की मंडळं एकदम बसतात, आणि एप्रिलमध्ये मी अहवाल लिहायला बसतो. वर्षाची सांगता म्हणून सगळ्या मंडळांची एक एकत्रित सभा होते. या वर्षी आभार मानायला तोच आठवीतला वक्ता होता. त्याने अध्यक्षांचे आभार मानले, पाहुण्यांचे, माइकवाल्यांचे, शिपाईमामांचे, टोप्यांचेही मानले. मग कागद उलटून बघितला, तिथे काही नव्हतं, आणि तरीही ओघ न सोडता तो म्हणाला, "आणि वर्षभर ज्यांच्या तासाला आम्ही नव्हतो, त्या सर्व शिक्षकांचे मंडळ आभारी आहे."

टाळ्या कडाडल्या. गणिताच्या सरांनी वाजवल्या नाहीत. ते मांडीवर हजेरीपत्रक उघडून रकाने मोजत होते.