काही उचललंत का?

कागदोपत्री माधव नगर आणि सगळ्यांच्या तोंडी फ्रीगंज असलेल्या उज्जैनच्या आमच्या भागात कंबरदुखी खासगी राहत नाही. टॉवर चौकापर्यंत जरा वाकडं चालून दाखवावं, चार जण थांबतात. पहिला प्रश्न ठरलेला: "काही उचललंत का?" नाही म्हटलं की, "मग घसरलात?" तेही नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. आपल्या जुन्या ज्योतिषाचा शून्य रेखांश ज्या गावावरून मोजायचे, तिथल्या माणसाला आपलं दुखणं कधी नि कशानं सुरू झालं हे सांगता येऊ नये म्हणजे काय!

मग कारण पुरवायची जबाबदारी लोकच घेतात. किराणावाला म्हणाला, "भिया, गैस है, ऊपर चढ़ गई." शेजारच्या काकूंनी पोह्यांना दोषी धरलं, पोहे वातूळ. सोबतच्या जिलबीबद्दल मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. एका काकांचा संशय कूलरवर, दुसऱ्यांचा सिंहस्थासाठी उकरलेल्या रस्त्यांवर. ज्यानं जे सोसलंय, तेच तो दुसऱ्याच्या कंबरेत शोधतो.

डॉक्टर मात्र कारण देईनात. मार लागलेला नसताना दुखणाऱ्या बहुतेक कंबरांमध्ये 'हाच तो मणका' असं बोट ठेवताच येत नाही, म्हणाले. मी मोठ्या आशेनं एमआरआयचा विषय काढला. आमच्याकडे 'मणक्यात गॅप' निघालेल्या माणसाला वेगळाच मान असतो. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांची कंबर दुखतच नाही अशांचे फोटो पाहिले, तर विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. गेला तोही मान.

तरी त्यांनी बारीक चौकशी केली. बरगडीखालून जांघेकडे लाटेसारखी कळ येते, कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही, असं आहे का? मग मुतखडा. पहाटे कंबर आखडते आणि चाललं की मोकळी होते? तरुण वयात तो एक संधिवात असू शकतो. ताप, घटणारं वजन? क्षय मणक्यातही शिरतो. विरळ हाडांच्या आजीबाईंचा मणका तर नुसत्या खोकल्यानंही दबतो. आणि पायातली ताकद गेली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर काकूंना न विचारता त्याच रात्री इस्पितळ गाठायचं.

यातलं काहीच नव्हतं. मग अचानक त्यांनी विचारलं, "झोप? ऑफिस कसं चाललंय?" अमेरिकेत बोइंगच्या तीन हजारांवर कामगारांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. काम आवडत नाही म्हणणाऱ्यांनी पाठदुखीची तक्रार जास्त केली होती. महिना मार्चचा. चिठ्ठीवर निदान म्हणून आमच्या साहेबांचं नाव लिहिता येईल का, हे विचारायचं राहूनच गेलं.

चिठ्ठीत एवढंच निघालं: चालत राहा, पडून राहू नका.

इतक्या साध्या उपायावर काकूंचा विश्वास कसा बसावा? "उसण भरलीय ही. पायाळू माणसाची लाथ बसली की जाते." दुसऱ्या दिवशी त्यांनी पायाळू शोधलासुद्धा: मागच्या गल्लीतला, घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करणारा इंजिनिअर. दिवसभर पलंगावर बसून मांडीवर लॅपटॉप.

"मारली असती हो, काका," तो भिंतीला धरून उठत म्हणाला, "पण पायच उचलत नाहीये. परवापासून माझीच कंबर धरलीय."

काकूंनी लगेच विचारलं, "काही उचललंस का रे?"