दोन फुटी दर्या

अंजनगाव सुर्जीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. या गावाचा आणि समुद्राचा इतिहासात एकदाच संबंध आला, तोही कागदावर. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांचा आणि इंग्रजांचा तह इथे झाला आणि त्यात शिंद्यांनी बऱ्याच मुलखाबरोबर भडोच बंदरही सोडून दिलं. त्याच्या तेराच दिवस आधी, देवगावच्या तहात, नागपूरकर भोसल्यांनी बालासोरसह कटक प्रांत देऊन टाकला होता. पश्चिमेचं बंदर आणि पूर्वेचा किनारा, दोन्ही एका पंधरवड्यात गेले. गावातले एक हार्डवेअरवाले खिळे मोजता मोजता हा इतिहास गिऱ्हाइकाला ऐकवतात आणि वर स्वतःचा निष्कर्ष जोडतात, “इथून समुद्र दिसत नाई ना, म्हनून देल्लं. मुंबईले बसून तह केला असता तं देल्लं असतं काय, बाप्पा?”

अशा गावात प्रस्तुत लेखकाने (कागद वाचावा म्हणून यापुढे ‘प्र. ले.’) समुद्र तयार करायला घेतला, याबद्दल घरच्यांना जे वाटलं ते छापण्यासारखं नाही.

छोट्या प्रतिकृती करण्याचा प्र. ले. यांचा नाद जुना. आधी त्यांनी मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची शकुंतला केली होती. अडीच फुटी रुळांची, कापसासाठी जन्मलेली आणि आता थांबलेली. त्या देखाव्यात नदी होती, पूल होता, पण पाण्याचा प्रश्न आला नाही. देखावा एप्रिल महिन्यातला होता. वऱ्हाडातली नदी एप्रिलमध्ये दाखवायची तर वाळू पुरते, आणि फारच बारकाईने काम करायचं असेल तर एक म्हैस.

मग कुठूनतरी मराठी आरमाराचं वेड शिरलं. आंगऱ्यांच्या ताफ्यात गुराब हे मोठं जहाज, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, पुढे लांब निमुळती नाळ. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांनीही पळणारं. प्र. ले. यांनी गुराब निवडली, कारण वल्ही करत बसायला धीर नव्हता. माप एकास बहात्तर धरलं. तीस मीटरचं जहाज या मापात जेमतेम बेचाळीस सेंटिमीटरचं होतं आणि त्यावरचा खलाशी सव्वादोन सेंटिमीटरचा. गुराब चार महिन्यांत उभी राहिली. आइस्क्रीमच्या काड्या लागल्या सहाशे. त्या गोळा करताना भाच्याला झालेला खोकला हा वेगळा विषय आहे.

आता पाणी.

पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच: पाणी दाखवायचं तर पाणी ओतावं. प्र. ले. यांचं शेत तालुक्याच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. तिथल्या बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही आणि जमिनीला सोसवत नाही. समुद्र खारा, बोअर खारी. देवानेच सोय केली म्हणायची. जस्ताच्या ट्रेमध्ये निळा रंग देऊन पाणी ओतलं, गुराब सोडली, आणि भाच्याने हाताने लाट काढली. लाट भिंतीवर आपटून परत आली ती एखाद्या चिडलेल्या बादलीसारखी. तुषार उडाले. त्यातला तीन मिलिमीटरचा एक थेंब डोलकाठीवर जाऊन बसला. प्र. ले. यांनी मनातल्या मनात बहात्तरने गुणलं: साडेएकवीस सेंटिमीटर. खलाशाच्या डोक्यावर न सोललेल्या नारळाएवढा थेंब लोंबत होता.

याला इलाज नाही, कारण जहाज बहात्तर पटीने लहान करता येतं, पण पाण्याचा ताण लहान होत नाही. थेंब त्याच्या त्याच मापाचा राहतो आणि लाट जहाजाच्या मानाने फार घाई करते. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने टॉर्कीला १८७२ च्या सुमारास लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढल्या आणि वेगाचं माप मूळ मापाच्या वर्गमुळाने जातं हे दाखवलं. बहात्तरचं वर्गमूळ साडेआठ. भाच्याने मोबाइलवर स्लो मोशन लावून पाहिलं, तर लाट खरोखरच भारदस्त झाली; थेंब मात्र नारळच राहिले. आपल्याकडे खडकवासल्याचं, १९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र नद्या आणि बंदरांची गणितं सोडवतं. बंदराच्या अशा प्रतिकृतींत खरं पाणी सोडतात, पण पुष्कळदा उभं माप आडव्या मापापेक्षा मोठं धरतात, नाहीतर पाण्याचा नुसता पापुद्रा राहील. जिथे अभियंत्यांना पाण्याची अशी समजूत काढावी लागते, तिथे जस्ताच्या ट्रेची काय कथा.

तिसऱ्या दिवशी पाणी आटलं. मे महिना होता. ट्रेच्या तळाला आणि गुराबीच्या कमरेला पांढरी खार धरली होती, आणि देखावा समुद्राचा न राहता मिठागराचा झाला होता. तो इतका हुबेहूब होता की प्र. ले. यांनी क्षणभर विषय बदलण्याचा विचार केला.

मग रेझिन आलं. एपॉक्सी रेझिनच्या दोन बाटल्या असतात, एक रेझिनची, एक हार्डनरची. सांगितलेल्या प्रमाणात दोन्ही मिसळायच्या, सावकाश ढवळायच्या आणि पातळ थर देत जायचं. एक थर बसला की दुसरा. हे सगळं बाटलीबरोबरच्या कागदावर छापलेलं होतं, हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा हेही. प्र. ले. यांनी खिडक्या उघड्या ठेवल्या. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर वऱ्हाडातला मे आणि आत एक माणूस एका भांड्यात दोन्ही बाटल्या रिकाम्या करून पंगतीत वरण वाढावं तसं एकाच धारेत ओतत होता.

रेझिन घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं. थर पातळ असला तर ती उडून जाते, जाड असला तर आत कोंडते. कोंडलेल्या उष्णतेने घट्ट होण्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की उष्णता आणखी. खोलीच आधी तापलेली असेल तर मग विचारायला नको. भांड्यात उरलेला गोळा आधी धुरकटला, मग त्याने प्लॅस्टिकच्या भांड्याला खाली बसवलं. फळीवरचा समुद्र पिवळा झाला आणि मधोमध चिरला, उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते तसा. चौकटीच्या सांधीतून एक धार निघून टेबलाच्या पायावर उतरली होती, ती आजही तिथेच आहे. उघड्या खिडकीतून आलेला एक मुंगळा कडेला कायमचा थिजला. मुंगळा एक सेंटिमीटरचा; म्हणजे या समुद्रात सव्वादोन फुटांचा, सहा पायांचा, काळा जलचर.

“अहो, या वासानं डोकं उठलं माझं,” आतून आवाज आला. “समुद्रालाही असाच वास येतो का?”

प्र. ले. यांनी समुद्र एकदाच पाहिला होता, लहानपणी, मुंबईला, पावसाळ्यात. तो निळा नव्हता. तो गढूळ चहाच्या रंगाचा होता आणि त्यात कुणाचीतरी चप्पल होती. ही आठवण पुढे फार उपयोगी पडली, कारण नवशिक्याची पहिली चूक निळा रंग हीच असते. गणेश मंडळाच्या देखाव्यात क्षीरसागर असतो तसला निळा! पाणी दिसतं ते बरंचसं आभाळाच्या आणि तळाच्या रंगाने. किनाऱ्याजवळ हिरवट, खोलावर काळपट निळं, पावसाळ्यात राखाडी. शिवाय एका रंगाचं कधीच नाही.

तिसऱ्या खेपेला गाडी स्वस्ताईवर आली. थर्माकोलच्या तुकड्यावर प्लास्टरच्या लाटा, त्यावर कागदी नॅपकिन पसरायचे, पाणी घातलेलं फेव्हिकॉल ब्रशने मारायचं आणि कागदाला आपोआप सुरकुत्या पडू द्यायच्या. वाळल्यावर त्याच सुरकुत्या वाऱ्याने शहारलेल्या पाण्यासारख्या दिसतात. मग रंग, मग चकचकीत वार्निशचे चार-पाच हात. चमक आली की डोळा फसतो. नॅपकिन एका लग्नाच्या पंगतीतून आले होते आणि त्यांतल्या एकावरचं छापील गुलाब दोन थर रंगाखालूनही डोकावत राहिलं. त्या जागी प्र. ले. यांनी एक खडक बसवला.

लाट किती उंच? दीड मीटरची लाट या मापात दोन सेंटिमीटरची, आणि तेवढीच पुरे. आधीच्या लाटा सात सेंटिमीटरच्या झाल्या होत्या, म्हणजे पाच मीटरच्या. त्यात गुराब नव्हे, तर प्रलय दाखवावा लागला असता. त्या कानशीने उतरवल्या. जहाजामागे पाण्यात जी पाचर उमटते तिचाही कोन ठरलेला असतो. खोल पाण्यात जहाज हळू जावो की जोरात, मधल्या रेषेपासून तो दोन्ही अंगांना साडेएकोणीस अंशांच्या आसपास राहतो. हे लॉर्ड केल्व्हिनने १८८७ साली गणिताने दाखवलं. शहानूर धरणात बदक पोहलं तरी कोन हाच. भाच्याने कंपासपेटीतला कोनमापक आणून मामांची पाचर मोजली. ती एका अंगालाच पस्तीस अंश भरली. “मामा, हे बदकालेही जमते,” तो म्हणाला.

त्यानेच झेंडाही पकडला. प्र. ले. यांनी शिडं वाऱ्याने पुढे फुगवली होती आणि वरचं भगवं निशाण मागे फडकवलं होतं. ज्यांनी झेंडा फक्त ट्रॅक्टरवर पाहिला त्यांना यात खटकण्यासारखं काही नाही. पण जहाज चालतं वाऱ्याने. वारा मागून आला तर तो जहाजापेक्षा जोरातच असणार, मग निशाणही शिडांच्याच दिशेने पुढे जाणार. निशाण उलटं चिकटवताना डोलकाठी मोडली. दोन दिवस घरात कोणी आरमाराचं नाव काढलं नाही.

राहिला फेस. परदेशातले हौशी लोक यासाठी कृत्रिम धाग्याची पाकिटं विकत घेतात. इथे, पांढऱ्या सोन्याच्या मुलखात, कापूस विकत घ्यायचा म्हणजे अंजनगावात पानपिंपरी पाकिटातून घेण्यासारखं. गादीतला मूठभर काढला आणि नाळेजवळ चिकटवला. गुराब मेंढीला धडकल्यासारखी दिसू लागली.

प्र. ले. यांच्या आई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी लक्ष वातींचा नेम दोनदा पुरा केला आहे. दोन लाख वाती वळलेल्या बोटांनी त्यांनी तो प्रकार बघितला आणि हातातली वात खाली ठेवली.

“असा गोया चिपकवते काय कोनी? वढ त्याले. तोडू नोको. वढत वढत ने, दिसे-ना-दिसे इतका.”

त्यांनी चिमूटभर कापूस दोन बोटांत धरून ओढला. तो लांबत गेला, विरळ झाला, आरपार दिसू लागला. मधे दोन-चार तंतू, कडेला नुसता भास. प्र. ले. यांनी तो ओल्या वार्निशवर अलगद टेकवला. वार्निशने तंतू पिऊन घेतले आणि नाळेने कापलेल्या पाण्याच्या कडेला फेसाची फाटकी रेघ उठली. नाळेपाशी दाट, बाजूने विरत जाणारी, मागे काही पांढरे धागे. आईंनी समुद्र एकदाही पाहिलेला नाही. त्या दिवशी सांजवात व्हायच्या आत सगळा फेस त्यांनी काढून दिला. मजुरी म्हणून त्यांनी चष्म्याची नवी काडी घेतली.

देखावा महालक्ष्म्यांच्या वेळी पुढच्या खोलीत मांडला. हळदीकुंकवाला आलेल्या बायांनी आधी महालक्ष्म्यांचे शालू पाहिले, मग फराळ पाहिला आणि जाता जाता गुराब पाहिली. दोघींनी विचारलं, ही टायटॅनिक आहे का.

तिसऱ्या दिवशी हार्डवेअरवाले आले. वार्निश, प्लास्टर, फेव्हिकॉल, चिकटपट्टी, सगळं त्यांच्याकडचंच, त्यामुळे त्यांनी हक्काने चष्मा लावला, गुडघे वाकवले आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणून बराच वेळ बघितलं. खडकावर थोडे थांबले. मग सरळ झाले.

“पानी जमलं, भाऊ. पन जहाज कोनीकडे चाल्लं हे?”

“भडोचला,” प्र. ले. म्हणाले.

हार्डवेअरवाल्यांनी निशाणाकडे बघून वाऱ्याचा अंदाज घेतला.

“उशीर केला बाप्पा तुम्ही. दोनशेच्या वर सालं झाले, सही करून बसलो ना आपन.”