दोन लेकींचा बाप

पालघर जिल्ह्याच्या उत्तरेकडील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील गृहस्थांचे वर्गीकरण करताना वाडीमालक, नोकरदार, मच्छीमार, कारखान्यातील कामगार असे व्यवसायावर आधारलेले गट सहज पाडता येतात. परंतु सकाळी सात वाजता या गृहस्थांच्या वर्तनाचे निरीक्षण केले, तर हे सर्व भेद गळून पडतात आणि एकच सामाजिक प्रकार उरतो, तो म्हणजे दोन लहान मुलींचा बाप. ज्याच्या घरातील प्रत्येक वस्तू एक तर दोन नगांत असते किंवा भांडणाचे कारण असते, असा गृहस्थ, अशी या प्रकाराची व्याख्या करता येईल. तो स्वतःला कुटुंबप्रमुख समजतो आणि शिधापत्रिका त्या समजुतीला पुरेसा आधार देत नसली, तरी घरातील सगळ्या स्त्रिया त्याला त्या समजुतीत राहू देतात, कारण त्यामुळे कोणाचे काही अडत नाही.

बाह्य लक्षणांवरून हा प्रकार ओळखणे अवघड नाही. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी केसांचे दोन रबर, एक तुटलेली क्लिप आणि ‘सांभाळून ठेवा’ अशा आज्ञेसह मिळालेला एक शिंपला असतो. डाव्या करंगळीवर गुलाबी नेलपॉलिश असते, कारण रविवारी दुपारी त्याचा डोळा लागल्याबरोबर घरात ब्युटी पार्लर उघडलेले असते. मुंबईची उपनगरी गाडी २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि या करंगळीला सार्वजनिक जीवन लाभले. तथापि बोईसरला उतरून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जाणारे सहप्रवासी तिच्याविषयी चौकशी करीत नाहीत, कारण चौकशी करण्यापूर्वी त्यांना स्वतःची नखे तपासावी लागतात. तलासरीचा बाप रेल्वेऐवजी मोटारसायकलने सीमेपलीकडच्या उंबरगाव किंवा वापीच्या कारखान्यात जातो, म्हणून त्याची खूण निराळी असते : त्याच्या हेल्मेटवर मागच्या बाजूस चमकीची फुलपाखरे चिकटवलेली असतात आणि ती काढू नयेत असा घरचा हुकूम असतो.

त्याच्या दिनक्रमातील पहिली परीक्षा म्हणजे वेण्या. आई सकाळच्या पाळीला आरोग्य केंद्रात किंवा दूरच्या पाड्यावरील शाळेत गेलेली असली (पाडा म्हणजे मूळ गावापासून सुटी असलेली लहान वस्ती, या भागातील बहुतेक गावे अशा अनेक पाड्यांची मिळून बनलेली आहेत), की हे काम बापाकडे येते. केसांचे तीन पेड करून ते आळीपाळीने एकमेकांवर टाकणे, एवढाच या क्रियेचा सिद्धान्त आहे. परंतु डहाणूच्या खाडीकाठचा जो मांगेला समाजातील मच्छीमार बाप फाटलेले जाळे कंदिलाच्या उजेडात सांधू शकतो, त्याचाही तिसरा पेड मध्येच कोठे तरी हरवतो, कारण जाळे मान वळवून ‘दुखतंय’ असे म्हणत नाही आणि विणकाम चालू असताना बिस्किट आणायला उठून जात नाही. थोरलीच्या दोन वेण्या पूर्ण झाल्यावर धाकटीच्या वेण्या बोटभर उंचावर बसल्याचे उघड होते. मग समानतेच्या तत्त्वासाठी थोरलीच्या वेण्या सोडाव्या लागतात, आणि त्या पुन्हा घातल्या जाईपर्यंत शाळेची रिक्षा दोनदा हॉर्न वाजवून निघून गेलेली असते.

समानतेचे हे तत्त्व या गृहजीवनाचा पाया आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला सहदायकाचा, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच वाटा असलेल्या व्यक्तीचा, दर्जा दिला. घोलवडच्या वाडीमालक बापाला या दुरुस्त्यांची माहिती वकिलाकडून मिळते, पण त्यांचा अर्थ त्याला चिकू कापताना कळतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या विशिष्ट प्रदेशाशी निगडित असलेल्या त्याच्या गुणांना कायद्याने ओळख दिली. मात्र हे फळ दोन समान भागांत विभागता येत नाही, ही त्रुटी मानांकन देताना विचारात घेतलेली दिसत नाही. गर कितीही काटेकोरपणे निम्मा केला, तरी एकीच्या वाट्याला दोन बिया येतात आणि दुसरीच्या वाट्याला एक, आणि बी खाण्याची वस्तू नाही हा युक्तिवाद कोणतीही बाजू मान्य करीत नाही. अनुभवी बाप शेवटी एकीने कापावे व दुसरीने आधी निवडावे या नियमावर येतो. मग थोरली सुरी हातात घेऊन पाच मिनिटे फळाचा अभ्यास करते आणि तेवढ्यात बापाच्या वाट्याचा चिकू धाकटीने संपवलेला असतो.

या प्रकाराची दुसरी कसोटी भिंतीवर होते. अन्य जिल्ह्यांतील बाप मुलींना भिंतीवर रेघोट्या काढल्याबद्दल रागावू शकतो. डहाणूच्या बापाची ही सोय इतिहासाने काढून घेतलेली आहे. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढण्याची वारली समाजाची रीत याच परिसरातून जगभर गेली, आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना त्याच कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. लग्नाचा चौक, म्हणजे विवाहप्रसंगी घराच्या भिंतीवर लिहिले जाणारे देवीचे विधिचित्र, काढण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा असतो, ही माहिती शाळेतून मिळाल्यापासून थोरलीने नव्याने रंगवलेल्या हॉलच्या भिंतीवरील आपल्या कामाला परंपरेचे पाठबळ जोडले आहे. त्या भिंतीवर मेणाच्या खडूने आणि कमी पडले तेथे आईच्या लिपस्टिकने संपूर्ण कुटुंब चितारलेले असते. वारली शैलीत माणसाचे धड टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांनी दाखवतात. आई, आजी आणि दोन्ही मुली या नियमाप्रमाणे सडपातळ आल्या आहेत, बापासाठी मात्र वस्तुनिष्ठतेच्या आग्रहापोटी वर्तुळ वापरलेले आहे, जे या शैलीत एरवी सूर्य आणि चंद्र यांच्याशी जोडले जाते. पाहुणे चित्राचे कौतुक करतात, तेव्हा बाप पोट आत घेऊन मान डोलावतो.

बालसंगोपनाविषयी या गृहस्थाची मते उदार असतात, कारण तो ज्या भूमीवर राहतो तेथे उदार मतांचा मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे या विचारातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा असे प्रयोग तेथे झाले, आणि पाने, बिया, खडे, शिंपले हीच शिक्षणाची साधने ठरली. हे सर्व बापाला मनापासून पटते व तो ते ऑफिसात सांगतोही. फक्त तीच साधने बोर्डीच्या किनाऱ्यावरून फ्रॉकच्या खिशातून घरी येतात, तेथून वॉशिंग मशीनमध्ये जातात आणि मशीन बंद पडल्यावर दुरुस्तीवाल्याच्या तळहातावर प्रकट होतात, तेव्हा त्याची शैक्षणिक श्रद्धा काही काळ डळमळते. मुलींनी मात्र कोसबाडचे तत्त्व अधिक निष्ठेने आत्मसात केलेले असते : बाप शाळेत येत नाही, म्हणून शाळा बापाकडे येते. रात्री जेवणानंतर धाकटी ओढणीची साडी नेसून बाई होते, थोरली मुख्याध्यापिका होते आणि दिवसभर यंत्रावर उभा राहिलेला बाप एकमेव विद्यार्थी म्हणून जमिनीवर बसतो. त्याचा पाढा चुकला तर त्याला अंगठे धरायला लावण्यात येते, बरोबर आला तर ‘मध्ये बोलू नको’ म्हणून पुन्हा तीच शिक्षा होते.

घरातील भाषाव्यवहारही अभ्यासनीय आहे. या सीमाभागात मराठी, गुजराती, वारली आणि हिंदी अशा चारही भाषा रोज कानांवर पडतात, आणि मुलींनी त्यांची कामे वाटून दिलेली आहेत : मागणी मराठीत, वाण्याशी घासाघीस गुजरातीत, आईपासून लपवायचे बेत कामाला येणाऱ्या मावशींकडून शिकलेल्या वारलीत, आणि रुसवा हिंदीत, कारण कार्टूनमधील सर्व पात्रे हिंदीत रुसतात. बापाला चारही भाषा समजतात, परंतु त्यांपैकी एकाही भाषेत त्याचा शेवटचा शब्द चालत नाही. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, म्हणजे तेथे कोणते उद्योग चालावेत यावर केंद्र सरकारने मर्यादा घातल्या आहेत. दोन बहिणींमधील संवाद कोणत्या वर्गातील उद्योगात मोडतो, याचा निर्णय मात्र अद्याप झालेला नाही. एका बाबतीत तेवढा हा बाप विनोद चालू देत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्याला भूकंपाचे धक्के बसू लागले आणि अनेक कुटुंबांनी भीतीपोटी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या; त्यामुळे भांडी वाजली की हातातले टाकून अंगणात यायचे, हा नियम दोन्ही मुलींना पाठ आहे, आणि पलंगावरून उड्या मारून भांडी वाजवल्यास होणारी शिक्षाही पाठ आहे.

या सामाजिक प्रकाराला बाहेरून सर्वाधिक उपद्रव होतो तो कीव करणाऱ्यांचा. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते. तेथे एकसारख्या दोन बाहुल्या, एकसारख्या दोन पिपाण्या आणि एकाच रंगाचे दोन फुगे घेऊन (रंग वेगळे असल्यास दुसरीचाच हवा असतो, आणि एकच असल्यास कोणता कोणाचा यावरून खटला उभा राहतो) घामाघूम झालेल्या बापाला हमखास कोणी दूरचा नातेवाईक भेटतो आणि ‘दोन्ही मुलीच का?’ असे हळहळून विचारतो. या प्रश्नाचे मोल या भूमीत फारसे नाही, हे त्या नातेवाइकाच्या ध्यानात येत नाही. वारली समाजात मुलीच्या बापाने हुंडा मोजण्याऐवजी वरपक्षाने देज, म्हणजे वधूमूल्य, देण्याची रीत आहे, आणि लग्न लावण्याचा अधिकार धवलेरीचा, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या स्त्रीचा, असतो. घराघरांत मुलीच्या जन्मावर सुस्कारे टाकण्याची विद्या येथे बाहेरून आलेली आहे. आपला बाप एवढे विवेचन करीत बसत नाही. तो हातातल्या दोन पिपाण्या त्या नातेवाइकाच्या नातवाला दाखवतो, नातू त्याच पिपाणीसाठी जमिनीवर लोळण घेतो आणि चर्चा संपते.

भविष्याची तरतूद मात्र तो गांभीर्याने करतो. केंद्र सरकारने जानेवारी २०१५ मध्ये सुरू केलेल्या सुकन्या समृद्धी योजनेत दहा वर्षांखालील मुलीच्या नावे खाते उघडता येते, सर्वसाधारणपणे एका कुटुंबात दोन मुलींसाठीच ते चालते, पंधरा वर्षे पैसे भरायचे असतात आणि खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी ते पूर्ण होते. दोन मुलींची मर्यादा वाचून या योजनेचा मसुदा आपल्याच घराकडे पाहून केला असावा, अशी बापाची खात्री पटते. पुढे तक्रार राहू नये म्हणून तो दोन्ही खाती एकाच दिवशी, एकाच टपाल कार्यालयात, एकाच रकमेने उघडतो आणि दर महिन्याला दोन्हींत सारखाच भरणा करतो. पासबुकांची कव्हरेही तो एकाच रंगाची घालतो. ही व्यवस्था थोरली वजाबाकी शिकेपर्यंत निर्दोष ठरते. खाते उघडले तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि धाकटी तीन, म्हणजे पैसे हाती येतील तेव्हा ती सत्तावीस वर्षांची असेल आणि धाकटी चोविसाव्या वर्षीच श्रीमंत होईल, असा हिशेब ती वहीत मांडून बापापुढे ठेवते. अठराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, हे कलम बाप उत्साहाने वाचून दाखवतो. त्यावर ही सवलत थोरलीला तीन वर्षे आधी का, अशी हरकत धाकटी घेते, आणि त्या हरकतीला योजनेच्या नियमावलीत उत्तर नसते.