खिलार मधोमध

"अगं बाय, तुझ्या भिताडावर पोरीनं ही जळमाटं कसली काढल्यात?" वईच्या शेरावरून मान काढून आक्कांनी विचारलं. काखेत शेंगांचं सूप होतं, म्हणजे बसायच्या तयारीनंच आल्या होत्या.

"जळमाटं न्हाईत आक्का, माइंड मॅप हाय. मधी एक गोष्ट ल्ह्यायची, तिला फांद्या काढायच्या, फांद्यांना डहाळ्या. हिच्या मधी माणगंगा हाय."

"नदीत पाणी न्हाय, आन् फांद्या बघा!"

"पाणी का न्हाय, त्याचीच एक फांदी हाय की. जिल्हा एकच, पर म्हाबळेसरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आन् आपल्याकडं पाचशे झाला तरी पेढं वाटावं. सह्याद्री ढग आडवतो आन् आपण त्याच्या पाठीमागं पडलो. दुसरीवर नदीची वाट हाय. कुळकजाईच्या डोंगरातनं निघती, दहिवडी, म्हसवड करत आटपाडी, सांगोल्याकडनं सरकोलीपाशी भीमेला मिळती. तिसरीवर राजेवाडीचा तलाव, आन् चौथीवर छावणी."

आक्कांचा शेंगा फोडायचा हात थांबला. २०१२-१३च्या दुष्काळात त्यांची जनावरं म्हसवडला माणदेशी फाउंडेशनच्या छावणीत होती आणि तिथल्या कडब्यावरून झालेली भांडणं अख्ख्या आळीला पाठ आहेत.

"छावणी पुस्तकात हाय व्हय?"

"पुस्तकात कुठली! तुमच्याच तोंडून आइकलंय तिनं, म्हणून जोडली."

आक्का खुलल्या. मग मी जरा शहाणपणा केला. ही युक्ती टोनी बुझान नावाच्या इंग्रजानं गाजवली, १९७४ साली बीबीसीवर त्याची मालिका लागायची, मधोमध चित्र, वाकड्या फांद्या, फांदीवर एकच शब्द आणि भरपूर रंग, असं सगळं सांगितलं. मेंदू असाच चालतो म्हणून तो ठासून सांगायचा. मला ते त्याचं दुकान वाटतं. पण कशाखाली काय टांगायचं हे पोराला स्वतःच ठरवावं लागतं, आणि ठरवताना धडा दोनदा तरी उलटापालटा होतो, एवढं मी घरात बघितलंय.

"ह्यात नवं काय?" आक्कांनी टरफलं उडवली. "हेळवी बैल घिऊन दारात यायचा. कुणाची लेक कुठं दिली, कोणता भाऊ निपुत्रिक गेला, सगळ्या फांद्या घडाघडा. वही उघडायच्या आधी तोंडात! ह्यो तुझा बुजान त्याच्याच घरातला दिसतोय."

एवढं म्हणून त्या मूळ कामावर आल्या. "मंग आमच्या नातवाला दुकानातनं तयारच आण की एक. गाईडात छापल्यालं असतंय म्हनं."

छापलेलं असतंच. पुस्तकातसुद्धा 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' असतं, आणि त्याचं होतं काय? चार चौकटी, चार उत्तरं, पोरं चौकटीच पाठ करतात. दुसऱ्यानं काढलेल्या फांदीवर पोरगं चढत नाही. बीजगणिताला तर हे कामाचंच नाही, तिथं गणितं सोडवूनच हात बसतो.

"मंग त्यानं काय काढायचं? त्याला बैलाबिगर काय कळतंय?"

"बैलच काढू द्या. खिलार मधोमध!"

आक्का हसल्या. पण मी सोडलं नाही. खिलारची एक फांदी भूगोलाची: कमी पाऊस, कोरडा चारा, टणक जमीन, आणि त्यावर निभावणारं जनावर. एक बाजाराची, खरसुंडीची जत्रा. आणि तिसरी थेट नागरिकशास्त्रात, ज्यात तो चाचणीला आपटला होता. बैलगाड्यांच्या शर्यती २०१४ला कुणी बंद केल्या? सर्वोच्च न्यायालयानं. २०१७ला कायदा कुणी केला? विधिमंडळानं. तरी शर्यती का अडल्या? उच्च न्यायालयानं थांबवल्या. डिसेंबर २०२१ला अटी घालून परवानगी, आणि मे २०२३ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला. न्यायालय, विधिमंडळ, घटनापीठ, सगळा धडा एका वेसणीत आला.

"ह्ये तर त्याला झोपेत बी ठावं हाय," आक्का म्हणाल्या. "त्या निकालाच्या दिशी गुलाल घिऊन आला हुता घरात. मी दोन दिस फरशी पुसत हुते."

"पर परीक्षेत घटनापीठ म्हणजे काय इचारलं तर?"

"गप बसला असंल, मुडदा."

तेवढ्यात नातू वईपाशी आला. आक्कांनी सूप खाली ठेवलं आणि सगळं त्याला एका दमात सांगून टाकलं, थोडं चुकीचं, पण जोरात. पोरगं ऐकत राहिलं. मग मोठा कागद मागितला, बैलाची शिंगं छोट्या कागदावर मावत नाहीत म्हणून. माझ्याकडं कॅलेंडरची कोरी पाठ होती, ती दिली.

"आन् पयली फांदी," आक्का मागनं ओरडल्या, "औंदा शर्यतीत घालवल्याल्या पैशाची काढ. आकडा नीट लिही, तुझ्या बानं बघितला पायजे!"