रेफरचा घाट

रत्नागिरी जिल्ह्यात सर्वांत जास्त खपणारं औषध कोणतं? पॅरासिटामॉल म्हणालात, तर तुम्ही नक्की मुंबईचे. इथलं औषध कागदी आहे. एक चिठ्ठी, तिच्यावर शिक्का आणि मजकूर एवढाच : 'पुढील उपचारासाठी'. उपकेंद्राचं 'पुढे' म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याचं पुढे ग्रामीण रुग्णालय, त्याचं पुढे सिव्हिल आणि सिव्हिलचं पुढे कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय. मंडणगडवाल्याची तर गंमतच. त्याला रत्नागिरीपेक्षा महाड जवळ, पण जिल्हा रत्नागिरी!

रात्रीचे दोन. तालुक्याचं कुठलंही ग्रामीण रुग्णालय घ्या. बाळंतीण अडली आहे. थिएटर आहे, टेबल आहे, उद्घाटनाची कोनशिला तर लखलखीत आहे. नशीब थोर असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञही आहेत. नाहीत ते भूल देणारे डॉक्टर. "ते मंगळवारी नि शुक्रवारी येतात," सिस्टर सांगतात. पोटातल्या बाळाला हे वेळापत्रक कुणी कळवलेलं नसतं. मग चिठ्ठी, मग १०८, मग सिव्हिल, पुन्हा चिठ्ठी. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि समोर आंबा घाट. पावसाळ्यात दरड आली नाही तर तीन-साडेतीन तास. सोबत जाऊबाई, दोन पिशव्या, थर्मास आणि 'सीपीआरमध्ये आपली ओळख आहे' असं सांगणारा एक गाववाला. हा गाववालाच आपल्या आरोग्य व्यवस्थेतला एकमेव कायमस्वरूपी कर्मचारी.

बरं, सरकार काही करत नाही असं म्हणायची सोय नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. म्हणजे कार्ड खिशात आणि सर्जन घाटापलीकडे. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत सगळे उपचार मोफत झाले, केसपेपरसुद्धा. जो डॉक्टर जागेवर नाही त्याची फी माफ करताना तिजोरीला कितीसं खिंडार पडणार? त्यातली खुबी पुढेच आहे. वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालयं या माफीतून वगळलेली, आणि सीपीआर पडलं मेडिकल कॉलेजचं. घाट चढला की माफी उतरली.

आता रत्नागिरीलाही शासकीय मेडिकल कॉलेज मिळालं आहे. २०२३ पासून, १०० जागा. उत्तम झालं, पेढे आम्हीही खाल्ले. फक्त बोटांवर हिशेब करा. एमबीबीएसची साडेचार वर्षं, वर ३६५ दिवसांची इंटर्नशिप, म्हणजे पहिली तुकडी बाहेर पडेल ती २०२९ च्या सुमाराला. त्यातल्या एखाद्याला भूलशास्त्रात गोडी वाटली, तर आणखी तीन वर्षं. २०३२! अडलेल्या बाईने तोवर कळा धरून ठेवाव्यात. शिवाय राज्यात नवी कॉलेजं उघडायची रीतही ठाऊक आहे. तपासणी जवळ आली की जुन्या कॉलेजांतले प्राध्यापक प्रतिनियुक्तीवर नव्या गावी, तपासणी सरली की बॅगा भरून परत. लग्नात शेजारच्यांच्या खुर्च्या आणतात, तसं. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हजेरीसाठी चेहरा दाखवायला लावलाय. चेहरे कुठून आणायचे, ते मात्र सांगितलेलं नाही.

डॉक्टर कोकणात का राहत नाहीत, हे विचारलं की साहेब लोक 'मानसिकता' म्हणतात. मानसिकता कसली? क्वार्टर गळतं, ऑर्डर अकरा महिन्यांची, पोरांच्या शाळेचा प्रश्न, चोवीस तासांची ड्युटी एकट्यावर, आणि पेशंट दगावला की काचा फुटणार त्या त्याच्याच. बाँडची सक्ती आहे, पण १० लाख भरून सुटायची वाटही वर्षानुवर्षं सरकारनेच ठेवली होती. एकट्या डॉक्टरने टेबलावर बाई घ्यायची, रक्त नाही, भूल नाही, आणि काही बिनसलं तर गुन्हा त्याच्यावर. त्याच्या जागी तुम्ही असता तर चिठ्ठीच लिहिली असती. मीही.

हे कोकणच्या नशिबातच आहे, असंही नाही. शेजारच्या महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. विंचू चावलेली पोरं डोळ्यांसमोर मरत होती. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, पुढे प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी वापरून मृत्यू रोखले, आणि ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये. सरकारला दाखवायला एवढा एक दाखला पुरतो. पण एका माणसाच्या हट्टावर नऊ तालुके चालवायचे, याला धोरण म्हणत नाहीत.

मागणी मोठी नाही, इमारत तर मुळीच नको. प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या दारात, नागरिकांच्या सनदेशेजारी, एक फळा लावा : गेल्या महिन्यात किती पेशंट पुढे पाठवले, कुठे, आणि कुठला डॉक्टर नव्हता म्हणून. खडू आम्ही वर्गणी काढून देऊ. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत रुग्णवाहिका आणि बांधकामाचा निधी मंजूर करण्याआधी तो फळा वाचायला लावा. आणि वाचकहो, मतं मागायला कुणी दारात आला की रस्ता, गटार सगळं नंतर. आधी विचारा, "आमच्या तालुक्यात रात्री भूल देणारा डॉक्टर कोण? नंबर द्या."

नंबर मिळाला तर आम्हालाही कळवा.