शिकावं, पण बेतानं!

मुलींनी शिकावं याला आपल्याकडे आता कोणाचाच विरोध नाही. फक्त बेतानं शिकावं. बी.ई. कॉम्प्युटर हे कसं अगदी मापात बसतं: हिंजवडीत नोकरी, शनिवार-रविवार सुट्टी आणि बायोडेटात शोभूनही दिसतं. पण पोरीनं ‘एम.टेक. करते’ म्हटलं, की दिवाणखान्यातले कप बशीत टेकतात.

“प्लेसमेंट झालीय ना? मग डोक्याला ताप कशाला?” आत्या विचारते.

आत्याचंही बरोबरच आहे. जावई उंचीनं, पगारानं आणि पदवीनं वरचढ हवा. मुलगी एम.टेक. झाली की पीएच.डी.वाला शोधा. तीच पीएच.डी. झाली, तर स्थळासाठी थेट नोबेल समितीकडे शब्द टाकावा लागायचा! दादाला एमएससाठी अमेरिकेला धाडताना फ्लॅट गहाण पडला, तेव्हा त्याचं वय कोणी काढलं नव्हतं. पण त्याची गोष्ट वेगळी.

सरकारला मात्र पोच नाही. ‘गेट’ या प्रवेश परीक्षेची फी मुलींना निम्मी. त्यातून एम.टेक.ला गेली, तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. पीएच.डी.ला यूजीसीच्या नियमानं दोन वर्षं वाढीव मुदत, वर प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. म्हणजे ‘मग संसार कधी?’ हा आपला हुकमी प्रश्नही यांनी काढून घेतला!

आधीच्या बायकांनीही वाईट पायंडे पाडून ठेवलेत. मद्रासच्या ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या. पदरात लहान मुलगी असताना त्या गिंडीच्या कॉलेजात जाऊन इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम.ई. करणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, १९७४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीची ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ अशी जाहिरात वाचली आणि गप्प बसायचं सोडून जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं. नोकरीही मिळवली. पदव्युत्तर शिक्षणाचे दुष्परिणाम, दुसरं काय!

त्यातूनही एखादी पोहोचलीच, तर आपण काळजी घेतोच. लॅब रात्रभर उघडी, पण मुलींच्या हॉस्टेलचं फाटक कुठे कुठे दहालाच बंद. मुलाखतीत प्रबंधाआधी लग्नाची चौकशी. आणि आठ मार्चला गुलाबाचं फूल देऊन ‘मुली संशोधनात का येत नाहीत?’ या विषयावर परिसंवाद. व्यासपीठावर पाच सर.

तेव्हा हितचिंतकहो, यंदा भाषण नको. ‘गेट’चे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात. तेवढे दोन महिने स्थळं आणू नका. सरकारनं फी निम्मी केली. आपण निदान सल्ले निम्मे करू.