कशासाठी विचारताय?

शिरूर-दौंडकडच्या माणसाला काहीही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "कशासाठी विचारताय?" यात उद्धटपणा नाही. कारण कळलं की आकडा बेतून देता येतो, एवढंच. आमच्या नानांचं करड्याच्या शिवारात चार एकर रान आहे. त्यात बाजरी किती पिकते, याची त्यांच्याकडे निरनिराळी उत्तरं तयार असतात. सोसायटीचं पीककर्ज काढायचं असेल तर पीक भरघोस. विम्याचा माणूस आला तर "दाणाच भरला न्हाय." भावकीत वाटणीचा विषय निघाला तर "निस्ता मुरूम हाय, त्यात काय पिकतंय?" आणि पुतण्याला मुलगी द्यायला पाहुणे आले की तेच रान बारमाही बागायत होतं. नाना खोटं बोलतात असं मात्र कुणी म्हणू नये. प्रत्येक उत्तर ते मनापासून देतात.

हल्ली प्रशासनात 'पुराव्यावर आधारित धोरण' या गोष्टीची फार चलती आहे. साहेब लोक त्यासाठी प्रशिक्षणाला जातात, येताना फोल्डर घेऊन येतात. आमच्या भागाला हे काही नवं नाही. इथे शास्त्र आणि सरकार यांची गाठ पडून जवळजवळ दोनशे वर्षं झाली.

पेशवाई बुडाल्यावर दहाएक वर्षांत रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा साहेब पुणे जिल्ह्याची जमीन मोजायला निघाला. कंपनीच्या हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला, जिथे अर्थशास्त्र शिकवायला साक्षात माल्थस होते. त्याच्या डोक्यात रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत पक्का बसलेला. एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि जे निव्वळ उरेल त्याचे 55 टक्के सरकारने घ्यायचे. सिद्धांतात काही खोट नव्हती. अडचण एवढीच, की शेतात किती पिकतं, बी किती लागतं, बैलांवर काय खर्च होतो, हे कुणाला तरी विचारावं लागणार होतं. आणि विचारणारा सारा ठरवायला आलाय, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्यातून मधल्या कारकुनांनी आपापल्या सोयीने आकडे फिरवले. रिकार्डोच्या पुस्तकात कारकून नव्हता. सारा इतका चढला, की शेजारच्या इंदापुरात रानं पडीक पडली, कुळं गाव सोडून गेली.

मग 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन साहेब त्याच इंदापुरात उतरले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. माणसाला विचारण्याऐवजी जमीन खणून बघितली. माती काळी की तांबडी, खोली किती, त्यात चुनखडी किती, यावरून सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत प्रतबंदीच्या नऊ पायऱ्या लावल्या. ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. जमिनीचा मोठा गुण हा, की ती कशासाठी खणताय म्हणून विचारत नाही.

तरी पुढे सारा वाढलाच, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, आणि कुणबी सावकाराच्या वहीत अडकला. 1874 च्या अखेरीस आमच्या करड्यात सावकारांवर बहिष्कार पडला. 12 मे 1875 रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगल उसळली. दौंडही तेव्हा भीमथडीतच. सरकारने आयोग नेमला. आयोगाच्या ध्यानात आलं, की जमावाला सावकाराच्या जिवापेक्षा त्याची खतपत्रं हवी होती. म्हणजे पुराव्याचं महत्त्व सरकारच्या आधी आमच्या लोकांनी ओळखलं आणि ताबडतोब होळी पेटवली. या चौकशीतून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जरोख्याच्या मागे जाऊन खरा व्यवहार तपासायची मुभा कोर्टाला मिळाली. सावकारांनीही कायदा नीट वाचला, आणि गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला लागले. "करड्यानं कायदा दिला," असं नाना अजून छाती काढून सांगतात. खरेदीखताचा विषय निघाला की चहा मागवतात.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले हॅरॉल्ड मान मात्र वेगळे. ते सारा ठरवायला आलेले नव्हते. त्यांनी कानिटकरांना सोबत घेऊन शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा अभ्यास केला, तो 1921 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी पिंपळे सौदागरच्या अभ्यासात त्यांनी दाखवलं होतं, की 1771 साली सरासरी 40 एकरांची असलेली जमीनधारणा 1915 पर्यंत 7 एकरांवर आली. तुकडेबंदीचा कायदा झाला 1947 साली. संशोधनाचा अंमल व्हायला तीस वर्षं लागली. तो अंमल चुकवायची युक्ती निघायला मात्र एवढा वेळ लागला नाही. गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट पाडणाऱ्यांच्या पाट्या नगर रस्त्याला आणि सोलापूर रस्त्याला आजही जाणाऱ्या-येणाऱ्यांचं स्वागत करतात.

आता विचारायची गरजच नको, म्हणून उपग्रह आले. 2016 च्या दुष्काळ संहितेप्रमाणे पावसाची तूट, मातीतली ओल आणि वरून दिसणारी हिरवळ यांवरून दुष्काळ ठरतो. ऑक्टोबर 2023 मध्ये जाहीर झालेल्या 40 तालुक्यांत शिरूर आणि दौंड दोन्ही होते. दौंडकडे माझ्या सासुरवाडीला मामंजींना हे काही पटलं नाही. "वरून ऊस हिरवा दिसतो. त्यासाठी विहिरीत किती परस खाली गेलो, ते त्याला कुठनं दिसणार?"

बरं, ही खोड शेतकऱ्याचीच म्हणावी, तर तसंही नाही. ओळखीच्या एका साहेबांना मी विचारलं, की टंचाई आराखड्यात कोरडी असलेली विहीर मार्चअखेरच्या अहवालात तुडुंब कशी भरते? ते शांतपणे म्हणाले, "वरून पत्र आलं की आम्ही आधी बघतो, हे निधी द्यायला आलंय की जाब विचारायला." म्हणजे मंत्रालयापुढे तालुक्याची कचेरीही नानाच.

परवा एक मुलगी टॅब घेऊन नानांकडे सर्वेक्षणाला आली. वर्षाचं उत्पन्न किती, म्हणाली. नाना म्हणाले, "कशासाठी इचारताय?" ती बिचारी प्रामाणिक. "मलाच नाही माहीत, नाना. वरून आलंय."

नाना अडचणीत आले. कर्ज की विमा, वाटणी की सोयरीक, काहीच कळेना. बेतायला मापच नव्हतं. शेवटी नाइलाजाने त्यांनी खरा आकडा सांगितला. मुलीने तो भरला, तर टॅबवर लाल अक्षरं उमटली : 'नोंद अपेक्षित मर्यादेबाहेर आहे.'

"नाना, थोडं कमी-जास्त करू का?" तिने हळूच विचारलं.

"करा की," नाना म्हणाले. "फकस्त कशासाठी पायजेल ते वर ठरलं, की मला बी एक फोन करा."